नाटक किती वाजता संपलं? एका खून खटल्यातल्या अ‍ॅलिबायची गोष्ट

पार्श्वभूमी

प्रकरण पूर्व विदर्भातलं, धानाच्या पट्ट्यातलं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावांची नावं टाकत नाही आणि नाती थोडी इकडची तिकडे केलीत, बाकी घडलं तसंच सांगतोय. मी तेव्हा बचावाच्या वकिलांकडे ज्युनियर होतो, त्यामुळे फाईल वाहून नेण्यापासून साक्षीदारांना एसटी स्टँडवरून कोर्टात आणण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. खटला जुन्या कायद्याखाली चालला, म्हणजे भादंवि ३०२ (खून), जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा. आता १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत, कलमांचे नंबर बदललेत, पण या केसमध्ये जो पेच होता तो नंबर बदलून सुटणारा नाही.

दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. धान कापून झालेलं, शेतात पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचून ठेवलेले, आणि पुंजण्याला कोणी आग लावेल, चोरून नेईल म्हणून माणसं राखणीला शेतातच झोपायची. मयत असाच आपल्या पुंजण्याजवळ झोपलेला. सकाळी बायको चहा घेऊन गेली तर डोक्यात कुऱ्हाडीचे घाव. शेजारच्या बांधीवाल्याशी (बांधी म्हणजे धानाचं शेत) त्याचा धुऱ्यावरून, म्हणजे हद्दीच्या बांधावरून, जुना वाद होता, दोनदा मोजणी झालेली, एकदा ठाण्यात अदखलपात्र तक्रारही गेलेली, त्यामुळे संशय कोणावर जाणार हे गावाने दुपारपर्यंत ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी त्या शेजाऱ्याला उचलला.

त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच. मी त्या रात्री गावात नव्हतोच, सात-आठ किलोमीटरवर सासुरवाडीला मंडई होती, जवाई म्हणून बोलावलं होतं, रात्रभर नाटक बघितलं आणि सकाळी परत आलो.

ज्यांना झाडीपट्टी, म्हणजे हा आमचा पूर्व विदर्भाचा भाग, माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. भाऊबीजेपासून इकडे गावोगाव मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू होतात, दिवसा दंडार (इकडची लोककला), दुकानं, पाहुणे, सोयरिकीची बोलणी आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचं मुख्य ठिकाण, तिथून कंपन्या गाड्या भरून गावोगाव जातात. तिकीट लावून तीन अंकी नाटक, मध्ये गाणी, आणि हे सगळं रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. लोक एका हंगामात चार-पाच नाटकं सहज बघतात, आज या गावाला तर परवा त्या गावाला.

अडचण कुठे होती

सरकार पक्षाकडे डोळ्याने बघणारा एकच साक्षीदार होता, मयताचा पुतण्या. तो दोन बांध्या सोडून झोपला होता, आवाजाने जाग आली, आरोपीला कुऱ्हाड घेऊन पळताना बघितलं, वेळ रात्री साडेबारा. बाकी पुरावा म्हणजे जप्त केलेली कुऱ्हाड, पण जप्तीचा एक पंच फितूर झालेला आणि कुऱ्हाडीवरच्या रक्ताचा गट प्रयोगशाळेला ठरवता आलेला नव्हता. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूची वेळ अंदाजानेच दिली होती, ती कोणत्याही मिनिटाला बांधता येत नव्हती.

मग वाटेल की अ‍ॅलिबाय, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडे होतो हा बचाव, सोपा आहे, शेकडो माणसांनी त्याला मंडईत बघितलं असेल, दहा उभे करा आणि मोकळे व्हा. असं होत नाही. कायद्यात हा बचाव ग्राह्य आहे, जुन्या पुरावा कायद्याचं कलम ११, नव्या साक्ष अधिनियमात कलम ९. त्याखालचं उदाहरण पूर्वी कलकत्ता-लाहोरचं होतं, आता चेन्नई-लडाखचं केलंय, माणूस लडाखला होता तर चेन्नईत गुन्हा कसा करेल. आमच्याकडे चेन्नई ते लडाख अंतर मोटारसायकलने वीस-पंचवीस मिनिटांचं होतं. आणि सिद्ध करायचा भार आरोपीवर. सुप्रीम कोर्टाने बिनय कुमार सिंग विरुद्ध बिहार राज्य (१९९७) मध्ये सांगून ठेवलंय की हा भार जड आहे, त्या वेळी आरोपी घटनास्थळी असूच शकत नव्हता इतक्या खात्रीने दाखवावं लागतं. म्हणजे नुसतं तो नाटकाला होता हे पुरत नाही, साडेबाराच्या आगेमागे तो तिथून हललाच नाही हे दाखवावं लागतं.

आणि इथेच सगळं अडलं. केस मिनिटांची आणि साक्षीदार अंकांचे. मंडईत कोणाला घड्याळ बघायची गरजच नसते हो, लोकांना आठवतं ते असं की पहिल्या अंकानंतर चहा पिला, हिरोईन मेली तेव्हा थंडी लागली, शेवटच्या अंकात पोरगं झोपलं. साक्ष व्हायला तीन वर्षं उलटलेली. एवढ्या काळात माणूस प्रसंग विसरत नाही, त्याची तारीख विसरतो. आमच्याकडे आलेले बहुतेक लोक खोटं बोलत नव्हते असं माझं आजही मत आहे, त्यांनी जवायाला नाटकात बघितलंच होतं, फक्त ते याच मंडईत की मागच्या वर्षीच्या, याच गावात की बाजूच्या, हे त्यांना सांगता येत नव्हतं आणि विचारलं की ते ठासून "याच" म्हणायचे कारण आता केस आहे ना.

त्यात अजून एक भानगड. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, आणि राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवून देऊ शकतं. म्हणून मंडई भरवणाऱ्या मंडळाच्या परवानगीत नाटक १२ पर्यंत. प्रत्यक्षात ते पहाटेपर्यंत चाललं हे गावातल्या शेळ्यांनाही माहीत, पण कागदावर ते १२ ला संपलेलं. म्हणजे कागद खरा धरला तर आरोपी बारा वाजता मोकळा, साडेबाराला शेतात.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, बचावाचा साक्षीदारच द्यायचा नाही. पुतण्याची उलटतपासणी नीट करायची, पंच फितूर आहेच, संशयाचा फायदा मागायचा. अनेक जुने वकील हाच रस्ता सांगतात, कारण अ‍ॅलिबाय मांडला आणि कोसळला तर न्यायाधीशाच्या मनात नको ते बसतं. कायद्याने तसं बसायला नको, शरद बिर्धीचंद सारडा (१९८४) या आपल्याच राज्यातल्या केसमध्ये स्पष्ट आहे की खोटा बचाव सरकार पक्षाच्या पुराव्यातली भोकं बुजवत नाही, साखळी आधीच पूर्ण असेल तरच तो एक जास्तीचा दुवा धरता येतो. पण कायद्याने काय व्हावं आणि अंतिम युक्तिवादाच्या दिवशी कोर्टातली हवा कशी असते, यात फरक असतो.

दुसरा पर्याय घरच्यांचा आग्रह. साळा, साडभाऊ, सासरा, सगळे उभे करा. "घरचाच मानूस बोलला नाही त मंग कोन बोलन जी?" हा प्रश्न सासऱ्याने मला कोर्टाच्या कँटीनमध्ये विचारला आणि त्याला पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुधनाथ पांडे (१९८१) मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणतं की बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांइतकाच मान द्या, हे खरंय, पण साळा तो साळाच.

तिसरा, बाहेरची माणसं. यात दोघं होते, मंडईत चहा-भज्याचा ठेला लावणारा एक आणि मंडळाचा सचिव. सचिवाला सगळं माहीत होतं, नाटक कधी सुरू झालं, कोणत्या पुढाऱ्याच्या सत्कारामुळे किती लांबलं. पण तो खरं बोलला की परवानगीचा भंग कबूल, पुढच्या वर्षी मंडई बंद पडायची भीती. तो आम्हाला घरी चहा पाजून म्हणायचा, "वकील सायेब, मले यात नका ओढू."

मोबाईलचा विचारही झाला. आरोपीचा फोन त्या रात्री सासुरवाडीत चार्जिंगला लावलेला होता, आणि दोन्ही गावं एकाच टॉवरखाली येत होती, सीडीआर, म्हणजे फोन कंपनीची कॉलची नोंद, कोणाच्याच कामाचा नव्हता.

कोणीतरी सुचवलं की चहावाल्याचा जबाब आधीच मॅजिस्ट्रेटसमोर प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली नोंदवून ठेवा म्हणजे तो नंतर घसरणार नाही. तेही जमत नाही, जोगेंद्र नाहक (१९९९) मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तपास यंत्रणेने न आणलेला माणूस परस्पर मॅजिस्ट्रेटकडे जाऊन १६४ चा जबाब देऊ शकत नाही.

काय केलं

सुरुवातीलाच सिनियरनी एक गोष्ट केली होती जिचं महत्त्व नंतर कळलं. पहिल्या जामीन अर्जातच त्यांनी मंडई, गाव, नाटक, सासुरवाडी हे सगळं लिहून टाकलं होतं. जामीन तेव्हा मिळाला नाही, पुढे नागपूर खंडपीठातून मिळाला तोपर्यंत धानाचे दोन हंगाम गेले होते. पण त्या अर्जावर कोर्टाचा तारखेचा शिक्का होता. कलम ३१३ च्या जबाबात, म्हणजे सरकारी पुरावा संपल्यावर कोर्ट आरोपीला विचारतं तेव्हा, आरोपीने हेच सांगितलं तेव्हा सरकारी वकील "ही पश्चातबुद्धी" म्हणाले आणि सिनियरनी फक्त तो शिक्का दाखवला. तपास अधिकाऱ्याने मात्र उलटतपासात सांगितलं की आरोपीने मला असं काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं असणार, पण लिहिलेलं नव्हतं.

पुतण्याची उलटतपासणी ही खरी जागा होती. पोलीस सकाळीच गावात आले होते, पंचनामा झाला तेव्हा हा तिथे उभा होता, पण याचा जबाब तिसऱ्या दिवशी. त्या जबाबातही "घोंगडी पांघरलेला एक इसम पळताना दिसला, तो आरोपीसारखा वाटला" एवढंच. कोर्टात "सारखा" गेला आणि आरोपी आला. उजेड कसला होता विचारलं तर चांदणं म्हणाला. कार्तिक शुद्ध षष्ठीची रात्र, चंद्र अकराच्या सुमारास मावळतो, पंचांग न्यायाधीशांनीच मागवलं. मग सिनियरनी वेळेकडे मोर्चा वळवला, साडेबारा हे कसं कळलं, मोबाईल बघितला का. नाही. कोणी सांगितलं का. तो थोडा थांबला आणि सरळ म्हणाला, "पोलिसांनी इचारलं साडेबारा वाजले असन का, मी म्हनलो असन."

यात पोलिसांनी काही कट केला असं मी म्हणणार नाही, असा प्रश्न कोणीही विचारतो. पण प्रश्नात घातलेला आकडा आठवणीत जाऊन बसतो. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना अपघातांच्या त्याच त्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला, "एकमेकांवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा" असं विचारलं तर सरासरी ताशी ४१ मैलांच्या जवळ उत्तर आलं, "एकमेकांना लागल्या तेव्हा" विचारलं तर ३२ च्या जवळ. आणि आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने भारवाडा भोगीनभाई (१९८३) मध्ये हेच सांगितलंय, साक्षीदाराच्या डोक्यात व्हिडिओ टेप नसते, वेळ विचारली की लोक त्या क्षणी अंदाजाने सांगतात. तो निकाल सरकार पक्ष नेहमी आपल्या साक्षीदाराला सांभाळायला वापरतो. सिनियरनी तोच उलटा वापरला, अंदाजच असेल तर त्या अंदाजावर साडेबाराचा खिळा ठोकू नका.

मग बचावाचे साक्षीदार. साळ्याला उभं करायचं की नाही यावर सिनियर आणि घरचे यांच्यात वाद झाला, शेवटी घरच्यांचं ऐकलं. सरतपासणीत, म्हणजे आमच्याच बाजूने प्रश्न विचारले तेव्हा, तो छान बोलला, "भाऊजी रातभर माह्याच बाजूले बसले होते जी." सरकारी वकील शांतपणे उठले, नाटकात काय झालं ते सांगा म्हणाले. हा खुलला, दुसऱ्या अंकात भावाने भावाला ओळखलं तो प्रसंग, गाणं, सगळं सांगितलं. सरकारी वकिलांनी हँडबिल काढलं. तो प्रसंग त्या गावातल्या नाटकाचा नव्हताच, त्याच कंपनीचं दुसरं नाटक, चार दिवसांनी दुसऱ्या गावात झालेलं. नट तेच, मंडप तोच, थंडी तीच. साळा घाबरून माझ्याकडे बघत राहिला. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या डोक्यात दोन रात्री एकमेकांत मिसळल्या होत्या, पण रेकॉर्डवर तो खोटा साक्षीदार झाला.

चहावाला वेगळा निघाला. त्याला जवाई आठवत होता कारण भांडण झालं होतं. "दोन चहाले पाचशेची नोट देल्ली त्यानं, सुट्टे कुठून आनू मी." कधी? "पयला अंक सुटला तवा." किती वाजले? "घडी नाही न माह्याजवळ." सरकारी वकिलांनी बारा, एक, दीड असे आकडे त्याच्यासमोर ठेवून बघितले, तो एकालाही हो म्हणाला नाही. तो सत्काराचं मात्र बोलला, पुढारी उशिरा आले म्हणून नाटक उशिरा उघडलं आणि त्याची पहिली भजी थंड झाली. हीच रात्र कशावरून? त्या गावात त्याने ठेला पहिल्यांदा लावला होता आणि पुढच्या वर्षी बायको आजारी म्हणून गेला नव्हता. मला विचाराल तर संपूर्ण खटल्यातला हा सर्वात भरवशाचा साक्षीदार, आणि नेमकी त्याच्याकडेच वेळ नव्हती.

सचिवाला बोलवायचं नाही असं ठरलं. त्याऐवजी कागदपत्रं मागवण्याच्या कलम ९१ खाली अर्ज करून ठाण्याची त्या रात्रीची स्टेशन डायरी मागवली. मला तेव्हा हा जुगार वाटला, आणि डायरी आली तेव्हा वाटलं हरलो, कारण नोंद होती की कार्यक्रम १२ वाजून ५ मिनिटांनी शांततेत पार पडला. सरकारी वकिलांनी लगेच बंदोबस्तावरच्या शिपायाला साक्षीला आणायची परवानगी घेतली, त्याने नोंद वाचली, हो, १२.०५. सिनियरनी त्याला नाटक किती वाजता संपलं हे विचारलंच नाही. त्याच डायरीतलं पुढचं पान उघडायला लावलं आणि तुम्ही ठाण्यात परत कधी आलात ते वाचा म्हणाले. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं. मग बारा ते पावणेसहा तिथे काय करत होतात? "गर्दी पांगेपर्यंत थांबलो होतो साहेब." कोर्टात मागे बसलेले पक्षकारसुद्धा हसले, न्यायाधीशांनी मान खाली घातली. सिनियर तिथेच बसले. अजून एक प्रश्न विचारला असता तर शिपायाने काहीतरी स्पष्टीकरण शोधलं असतं, नोंद चुकली म्हणाला असता, आणि हातातलं गेलं असतं.

निकाल

आरोपी सुटला, पण अ‍ॅलिबायवर नाही. निकालात लिहिलं होतं की नाटक १२ नंतरही चाललं हे मानायला जागा आहे, आरोपी त्या रात्री मंडईत होता हेही संभवतं, पण पहिला अंक नेमका कधी सुटला हे सिद्ध नाही, अंतर मोटारसायकलने कापता येण्यासारखं आहे, त्यामुळे अन्यत्र उपस्थिती काटेकोरपणे सिद्ध झालेली नाही. साळ्याची साक्ष बाजूला ठेवली. पुढे पुतण्याचा उशिरा घेतलेला जबाब, "सारखा"चा झालेला आरोपी, मावळलेला चंद्र, पोलिसांनी सुचवलेली वेळ आणि फितूर पंच, यावर संशयाचा फायदा दिला.

मयताच्या बायकोला यातलं काय कळलं असेल, मला माहीत नाही. तिच्यासाठी निकाल एवढाच की ज्याच्यावर खटला चालला तो घरी गेला आणि दुसरा कोणी पकडला गेला नाही. घटनेच्या महिनाभर आधी धान विकत घेण्यावरून मयताचा एका व्यापाऱ्याशीही वाद झाला होता असं साक्षीत ओझरतं आलं, त्या बाजूने तपास झालेला कागदावर दिसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी पोलिसांकडून. आरोपीने पहिल्याच दिवशी मंडई सांगितली असेल तर दुसऱ्या दिवशी चहावाल्याकडे जाऊन दहा मिनिटं बोलायला हवं होतं. तेव्हा त्याला पहिला अंक कधी सुटला ते बऱ्यापैकी आठवलं असतं, आणि आरोपी खोटं बोलत असता तर तेही तिथेच उघडं पडलं असतं. अ‍ॅलिबाय तपासणं हे बचावाचं काम आहे असं मानून सोडून दिलं की दोन्ही बाजूंनी फक्त तीन वर्षं जुन्या आठवणी उरतात.

बचावाच्या बाजूनेही काही जागा होत्या. जामीन अर्जात गाव आणि नाटक लिहिलं ते उत्तम, पण साक्षीदारांची नावं लिहून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने एक अर्ज गेला असता, की यांचे जबाब घ्या, तर तपास अधिकाऱ्याला "मला सांगितलंच नाही" म्हणता आलं नसतं. जबाब घेतले नसते तरी पोच उरली असती. साळ्याबद्दल माझं मत सिनियरपेक्षा कडक आहे. घरचा माणूस साक्षीला द्यायचाच असेल तर आधी त्याच्याकडून नाटकाचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत उलगडून घ्यावा, घरी कोण पाहुणे होते, भाजी काय केली होती, कोण कोणाच्या गाडीवर बसून आलं. गोंधळ असेल तर तो कोर्टाबाहेर दिसतो. साक्षीदाराला पढवणं वेगळं आणि त्याच्या डोक्यात किती रात्री एकत्र झाल्यात हे बघणं वेगळं, आणि दुसरं न करता उभं केलं की हँडबिल समोरच्याच्या हातात असतं. ते हँडबिल आमच्याकडेही असायला हवं होतं, मंडपाच्या गेटवर वाटतात.

सचिवाबद्दल अजूनही ठरत नाही. बोलावलं असतं तर कदाचित वेळ मिळाली असती, कदाचित तो परवानगीचा कागद धरून १२ वर अडून बसला असता आणि डायरीला साक्षीदार मिळाला असता. नाटक कंपनीच्या मॅनेजरचा विचार मात्र कोणीच केला नाही. त्याला त्या गावाच्या परवानगीशी तितकं देणंघेणं नसतं, आणि नटांना कोणत्या गावात किती उशीर झाला हे या लोकांना चांगलं आठवतं, कारण दुसऱ्या दिवशी पुढचं गाव असतं.

आता मंडईत ठेल्यावरही क्यूआर कोड चिकटवलेला असतो. आजची केस असती तर दोन चहाचे पैसे फोनवरून गेले असते आणि सेकंदासकट वेळ मिळाली असती, अर्थात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडून, ते सक्तीचं आहे हे अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये पक्कं झालंय. पण त्यातून फोन कुठे होता एवढंच कळतं. फोन कोणाच्या हातात होता हे विचारायला पुन्हा त्या चहावाल्यालाच बोलवावं लागेल.